रिकामा खिळा

पैलवान हे त्याचं खरं नाव नव्हतं. खरं नाव सरकारी कागदांवर आणि बायकोच्या रागात तेवढं उरलं होतं. एकोणिसाव्या वर्षी त्याने एका जुन्या गाडीच्या गिअरबॉक्सचा बोल्ट अर्धा फेरा जास्त आवळला, अ‍ॅल्युमिनियमच्या डब्यातले, बोल्टाला धरून ठेवणारे आटे घासून गेले, आणि वडलांनी वर्कशॉपभर ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काय पैलवान, मारली का कुस्ती?" तेव्हा तिथे सहा कारागीर होते. सहाही हसले. त्या दिवसापासून बावीस वर्षं तो पैलवान होता, आणि अंगाने बघाल तर फुंकर मारली तर उडेल असा.

वडलांना सगळे मास्तर म्हणत. जुन्या, हौसेच्या गाड्यांच्या गिअरबॉक्सच्या कामात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. हे खरंच होतं. वाईट एवढंच, की ते त्यांनाही माहीत होतं.

मास्तरांच्या वर्कशॉपात प्रत्येकाच्या टेबलामागे भिंतीतल्या लाकडी पट्टीवर एक खिळा असे. ज्याच्या हातून आटे मेले, त्याचा तो बोल्ट तारेत ओवून त्याच्या खिळ्याला टांगायचा, हा तिथला कायदा. गिऱ्हाईक आलं की मास्तर त्याला चहा देत आणि एकेका खिळ्यावरचा एकेक बोल्ट, कोणी कधी मारला ते तिखटमीठ लावून सांगत. सहा कारागिरांपैकी चार वर्षभरात गेले, दोघांनी थोडा दम काढला आणि तेही गेले. पैलवान कुठे जाणार? त्याच्या खिळ्यावर अकरा बोल्ट झाले होते. न्याय सगळ्यांना सारखा म्हणून मास्तरांनी पहिल्याच दिवशी स्वतःच्या टेबलामागेही एक खिळा ठोकला होता. तो चाळीस वर्षं रिकामा होता. सगळे किस्से संपले की मास्तर गिऱ्हाइकाचा खांदा धरून त्याला तिकडे वळवत आणि म्हणत, "आता तो खिळा बघा."

दुसरा कायदा शेवटच्या हाताचा. गिअरबॉक्स पैलवानाने उघडायचा, धुवायचा, बेअरिंग बदलायची, झाकण लावायचं, बोल्ट बसवायचे. पण बोल्टांना शेवटचं आवळायचं ते मास्तरांनीच. पाना अंगठा आणि दोन बोटांत धरायचा, जोर लावायचा नाही. धातू बस म्हणाला की थांबायचं. टॉर्क मोजणारा पाना बाजारात मिळतो हे त्यांना माहीत होतं, त्याला ते कुबडी म्हणत. आणि हे सगळं न बघता. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत डोळे घालून गप्पा मारता मारता मास्तर आठ बोल्ट आवळत, आणि बघणारा गार होई. पैलवान एक्केचाळीस वर्षांचा झाला, कानशिलं पांढरी झाली, पण मास्तरांसमोर एकाही गिअरबॉक्सला त्याचा शेवटचा हात लागला नव्हता. त्याला दुसरं काही नको होतं. वर्कशॉप नको, पाटीवर नाव नको. एकदा एका डब्याचे बोल्ट आपल्या हाताने आवळावेत आणि म्हाताऱ्याने "ठीक आहे" म्हणावं, एवढंच. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. बायकोला न सांगता कळलं होतं.

दीड वर्षापूर्वी एका डब्यातून तेल गळायला लागलं. मास्तर दुपारच्या झोपेला घरी गेले होते. पैलवानाने पाहिलं तर खालचा बोल्ट नुसत्या बोटांनी फिरत होता, आणि काढला तर त्याच्या आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचे चकचकीत केस गुंतलेले. शेवटचा हात मास्तरांचा होता. पैलवान बोल्ट घेऊन मास्तरांची वाट बघत बसला, आणि ते आल्यावर भीत भीत त्यांच्यापुढे धरला. मास्तरांनी बोल्ट उजेडात फिरवला आणि म्हणाले, तू सुरुवातीलाच वाकडा घातला असणार. मग शांतपणे तार घेतली आणि तो पैलवानाच्या खिळ्यावर टांगला. अकरावा बोल्ट तो.

त्यानंतर पैलवान शहाणा झाला. मास्तरांनी डबा बंद केला की तो त्यांच्या झोपेची वाट बघे, आणि ते गेले की एकेक बोल्ट तपासे. महिन्याकाठी एखाद-दुसरा मेलेला सापडेच. मेलेले आटे ड्रिलने कापून भोक मोठं करायचं, आत कपच्या पडून गिअरचे दात खाऊ नयेत म्हणून आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासायचं, नवे आटे पाडायचे, आणि त्यात पोलादी तारेची बारीक गुंडाळी फिरवत फिरवत उतरवायची. मूळ आट्यांपेक्षा ती जास्त भार घेते. गुंडाळीच्या टोकाला एक शेपटी असते, भाताच्या दाण्याएवढी. गुंडाळी बसली की ती मोडून बाहेर काढावीच लागते. आत राहिली तर गिअरचं वाटोळं करते. पैलवान ती चिमट्याने काढी आणि खोकल्याच्या गोळ्यांच्या रिकाम्या डबीत टाकी. का टाकी ते त्याचं त्यालाही धड सांगता आलं नसतं. दीड वर्षात डबीत तेवीस शेपट्या झाल्या.

मास्तरांच्या बोटांना काय झालंय हे त्याला लवकरच कळलं. बेअरिंग बसवण्याआधी झाकण तापवतात. एकदा मास्तरांनी ते तापलेलं झाकण उघड्या हाताने उचललं आणि तसंच धरून रंगाऱ्याशी बोलत उभे राहिले. शेजारच्या गाळ्यात गाड्यांना रंग मारणारा हा रंगारी रोज टाइमपास करायला येई. कातडी जळल्याचा वास पैलवानाला आला, रंगाऱ्याला आला, मास्तरांना नाही. दुसऱ्या दिवशी दोन बोटांवर टम्म फोड होते. ते पान्याने आले असं मास्तर म्हणाले.

बायको त्याला म्हणाली, सांगून टाका त्यांना. नाहीतर डॉक्टरकडे तरी न्या. तो म्हणाला, माझं ऐकतील का? आणि तेवढ्यावर त्याने विषय संपवला. कारण खरं सांगायचं तर म्हाताऱ्याच्या मागून त्याचं काम निस्तरण्यात पैलवानाला एक गुपचूप सुख मिळत होतं. रोज जो माणूस आपला पाणउतारा करतो, त्याची अब्रू आपल्या गोळ्यांच्या डबीत आहे, हे सुख. लोकांना ते सोसणं वाटलं असतं. बायकोला तसं वाटत नव्हतं.

मग एका डॉक्टरीणबाईंची गाडी आली. गाडी त्यांच्या नवऱ्याची. तो गेल्यापासून त्या ती स्वतः चालवत, आणि तिच्या आवाजातला फरक त्यांना पेशंटच्या छातीसारखा कळे. गेल्या वर्षी मास्तरांनीच तिचा गिअरबॉक्स केला होता, आता तिसऱ्या गिअरला घरघर येत होती. डबा खाली उतरवला. बाई समोर होत्या म्हणून बाजूचं झाकण मास्तरांनी स्वतः उघडलं. आठ भोकांपैकी चार भोकांत पोलादी तार चकाकत होती.

मास्तर किती तरी वेळ बघत राहिले. पैलवानाला वाटलं, आता यांना कळेल. ज्या माणसाला धातूचा आवाज कळतो त्याला एवढं कळेलच.

"पैलवान," मास्तर म्हणाले, "इकडे ये. हे काय आहे?"

बोलायची जागा होती ती, पण बावीस वर्षांची सवय पैलवानाच्या जिभेवर बसली होती. मग मास्तरांनी तोंड सोडलं. माझ्या वर्कशॉपातल्या डब्यात चाळीस वर्षांत तार शिरली नव्हती, माझ्या पाठीमागे चार आटे मारलेस आणि मांजरासारखे झाकून ठेवलेस, असं बरंच काही. रंगारी दारात येऊन उभा राहिला, त्याला आयतीच करमणूक. तेवढ्यात पैलवानाची बायको चहा घेऊन आली. मास्तर तिच्याकडे वळले आणि अगदी मायेने म्हणाले, "सूनबाई, तुझ्या वडलांना मी तेव्हाच सांगितलं होतं. पोराला हात नाहीत, नुसते पंजे आहेत." तिने ट्रे खाली ठेवला आणि कप न वाटताच निघून गेली. मास्तरांनी भंगारातून चार बोल्ट शोधले, तारेत ओवले, आणि पैलवानाच्या खिळ्यावर अकराचे पंधरा केले.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, आता हे बंद कोण करणार? मास्तर म्हणाले, चार दिवसांनी या, तुमच्या डोळ्यांदेखत मी करतो.

त्या चार दिवसांत पैलवानाने बेअरिंग बदललं, दात तपासले, सगळं धुऊन पुसून लख्ख केलं. झाकणाच्या आठ भोकांपैकी चारांत त्याची तार होती, ती हत्ती बांधला तरी निघणार नव्हती. तीन भोकांतले मूळ आटे चांगले होते. आठवं भोक, मागच्या कोपऱ्यातलं, निम्मं गेलेलं होतं. हलक्या हाताने आवळलं तर टिकलं असतं, मास्तरांचा आताचा हात त्याला सोसणार नव्हता. तार भरायला अर्धा तास पुरे होता. चौथ्या दिवशी सकाळी पैलवानाने टॅप हातात घेतला, ग्रीस फासलं, आणि टॅप पुसून परत खणात ठेवला.

बायको न्याहारीच्या वेळी म्हणाली होती, आज त्या बाई आहेत, डॉक्टर आहेत, आज तरी सांगा. तो म्हणाला, "आज सांगायची गरज पडणार नाही." तिने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने ताट अर्धं सोडलं. त्यानंतर ती त्याच्या पाठोपाठ वर्कशॉपात आली, न बोलवता.

अकरा वाजता बाई आल्या. रंगारी तर आधीपासूनच हजर. पैलवानाने झाकण लावलं, आठही बोल्ट बोटांनी बसवले आणि मागे सरला. मास्तरांनी पाना अंगठा आणि दोन बोटांत धरला, बाईंकडे तोंड केलं, आणि सुरुवात केली ती पैलवानाच्या कुस्तीपासून. एकोणीस वर्षांचं पोर, अर्धा फेरा, सहा कारागीर. गोष्ट रंगत गेली तसे बोल्ट एकेक करत बसत गेले. पहिला, समोरचा, तिरपा, त्याच्या समोरचा. तारेचे चार तर मुकाट बसले. पैलवान श्वास धरून होता. सातवाही बसला.

आठव्याला पाना लागला. पाव फेरा गेला, घट्ट होत आला. इथे थांबायचं होतं. आता थांबवलं तर वाचेल, हे पैलवानाला चांगलं ठाऊक होतं. हात पुढे करायचा, बाबा, पुरे म्हणायचं. तो म्हणाला नाही. पाना जरा पुढे गेला, आणि मग एकदम हलका झाला. आट्यांनी जीव सोडला तो क्षण पैलवानाला लांबून दिसला, पान्याच्या नुसत्या चालीवरून.

मास्तरांना कळलं नाही. ते बाईंकडे बघत बोलत होते आणि पाना फिरत होता. एक फेरा झाला. "हात असावा लागतो," मास्तर सांगत होते. दुसरा फेरा झाला. "जोराचं काम नाही हे. बोटांना ऐकू यावं लागतं." तिसरा फेरा. बाईंची नजर मास्तरांच्या चेहऱ्यावरून उतरून बोटांवर गेली आणि तिथेच राहिली. चौथ्या फेऱ्याला मास्तर थांबले, मान हलवली आणि म्हणाले, "बोलला बघा. बस म्हणाला."

रंगारी हसला. आवरायचा प्रयत्न केला, पण हसलाच.

मास्तरांनी पाना ठेवला. रंगारी का हसला ते त्यांना समजेना. पैलवान पुढे झाला, दोन बोटांनी तो बोल्ट फिरवत फिरवत काढला आणि त्यांच्यासमोर धरला. आट्यांत अ‍ॅल्युमिनियमचे केस गुंतले होते. मास्तर म्हणाले, तू वाकडा घातलास. पैलवानाने खिशातून गोळ्यांची डबी काढली, मास्तरांचा उजवा हात उताणा केला आणि तेवीसच्या तेवीस शेपट्या त्यावर ओतल्या.

"हे काय?"

"तुमचे आटे. दीड वर्षातले. मी भरले."

"खोटं बोलतोस."

"मग मोजा," पैलवान म्हणाला. आवाज मुळीच चढलेला नव्हता, गिऱ्हाइकाशी बोलावा तसा होता. "बघायचं नाही. मान वर करा, बाईंकडे बघा. तुम्हीच शिकवलंय, बोटांना कळलं पाहिजे. मोजा."

त्यांनी ते धुडकावून लावायला हवं होतं. पण चाळीस वर्षांचा ताठा त्यांच्या मानेत होता, आणि चारचौघे बघत होते. मास्तरांनी मान वर केली, बाईंकडे पाहिलं, आणि अंगठ्याने दोन बोटांवरून एकेक शेपटी पुढे सारत मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. शेपट्या बोटांच्या फटींतून खाली पडत होत्या, फरशीवर टिकटिक वाजत होती. चार. पाच. सहाव्याला तळहात रिकामा झाला. अंगठा फिरत राहिला. सात. आठ. नऊ. कोरड्या बोटांवर कोरडा अंगठा, आणि मास्तर एका लयीत मोजत होते. आता रंगारीही हसत नव्हता.

बारावर बायको म्हणाली, "अहो, पुरे करा." ती सासऱ्यांना म्हणाली नव्हती. पैलवानाने ऐकलं आणि काही केलं नाही. चौदावर डॉक्टरीणबाईंनी पुढे होऊन मास्तरांचा हात आपल्या हातात घेतला, तेव्हा मास्तरांनी खाली पाहिलं.

बाईंनी त्यांना स्टुलावर बसवलं. पर्समधून पेन काढून त्याचं टोक एकेका बोटाला लावत राहिल्या. मास्तर प्रत्येक वेळी हो म्हणत होते, न लावताही हो म्हणत होते. पायाच्या तळव्यांचं विचारलं, तहानेचं विचारलं. साखर कधी तपासली होती? कधीच नाही. मग त्या पैलवानाकडे वळल्या.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"दीड वर्ष."

"तेव्हाच आणलं असतंत," बाई म्हणाल्या, "तर इतकं गेलं नसतं. गेलेलं आता परत येत नाही."

पैलवानाने तार घेतली, तो आठवा बोल्ट ओवला आणि मास्तरांच्या टेबलामागच्या रिकाम्या खिळ्याला टांगला. एवढं झाल्यावर तरी थांबायचं होतं. पण त्याला ते टांगायचंच होतं, बावीस वर्षं टांगायचं होतं.

मग त्याने अर्धा तास बसून आठवं भोक भरलं. ड्रिल, ग्रीस, टॅप, तार, शेपटी. नवा बोल्ट घातला, पाना दोन बोटांत धरला आणि आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांदेखत शेवटचा हात दिला. धातू बस म्हणाला, तिथे तो थांबला. काम सुरेख झालं होतं. त्याने सवयीने मान वर करून मास्तरांकडे पाहिलं. मास्तर उठून खिळ्यापाशी गेले होते. टांगलेला बोल्ट त्यांनी बोटांत धरला, चाचपला, काही कळलं नाही. मग त्यांनी मान वाकवून तो खालच्या ओठाला लावला आणि हळूहळू फिरवला. ओठांना अजून कळत होतं.

"गेलेत," ते म्हणाले, आणि परत स्टुलावर येऊन बसले. ठीक आहे असं कोणी म्हणालं नाही.

डॉक्टरीणबाई गाडी घेऊन गेल्या. जाताना त्यांनी मास्तरांना दुसऱ्या दिवशी दवाखान्यात यायला सांगितलं, पैलवानाला काही सांगितलं नाही. त्यांची गाडी पुन्हा त्या वर्कशॉपात आली नाही, आणि डब्यातून तेलाचा थेंबही गळला नाही.

मास्तर अजूनही नऊच्या ठोक्याला येतात. पैलवानाने त्यांना काम दिलंय. रॉकेलच्या ट्रेमधले धुतलेले बोल्ट पुसायचे आणि आट्यांच्या जाडीप्रमाणे डब्यांत लावायचे. सून त्यांची औषधं वेळेवर देते आणि नवऱ्याशी कामापुरतं बोलते. पैलवान आता त्याला कोणी म्हणत नाही. रंगाऱ्याने ते नाव स्टुलावरच्या माणसाला देऊन टाकलंय, आणि तो हाक मारतो तेव्हा म्हातारा ओ देतो.

परवा एक नवं गिऱ्हाईक आलं, जुन्या गाडीचं वेड लागलेला एक तरुण वकील. त्याने चहा पिता पिता विचारलं, त्या दोन खिळ्यांची भानगड काय आहे? एकावर एवढे आणि दुसऱ्यावर एकच? तेव्हा मास्तरांच्या मुलाचं शेवटच्या हाताचं काम चाललं होतं. सांगणार नाही असं त्याने मनाशी ठरवलेलं होतं. सून दारातून बघत होती. पण पाना दोन बोटांत होता, बोल्ट छान बसत होते, आणि ऐकणारा समोर होता. त्याने वकिलाच्या डोळ्यांत डोळे घातले आणि म्हणाला, "तो खिळा बघा." मग त्याने सगळी गोष्ट सांगितली. पान्याचे चार फेरे एकेक करून सांगितले, मोजणी चौदापर्यंत म्हणून दाखवली, आणि मध्ये थांबायचं तिथे बरोबर थांबला.

वकील पोट धरून हसला. स्टुलावर मास्तर बोल्ट उचलत होते, कापडाने पुसत होते, ओठाला लावत होते आणि ज्याच्या त्याच्या डब्यात टाकत होते.